नानांनी काठी बरोबर धरली होती

अन्याय झाला तो नानांवर. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात सर्व्हेच्या सामानाचं भांडार सांभाळणारे नाना, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. कधी झाला तेही सांगते. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो, गणपती विसर्जनानंतरचा मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि जागा होती विभागप्रमुखांची खोली. खोलीत नाना सोडून पाच माणसं होती. पाचांतली एक मी. आम्ही पाचही जण खुर्च्यांवर बसलो होतो. नाना उभे होते.

हे आधीच लिहून टाकते. पुढं मी कॉलेजबद्दल बरंच प्रेमानं लिहिणार आहे, आणि त्या प्रेमात ही गोष्ट बुडायला नको.

मी छावणीतली. वडिलांचं फौजी कपडे उसवून-शिवून मापाला बसवायचं दुकान. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बैठी, कौलारू इमारत होती. माझ्या लहानपणी तिथं मंडपवाल्याच्या खुर्च्या ठेवलेल्या असायच्या. याच तीन खोल्यांत आपलं कॉलेज सुरू झालं, हे मला नानांनी सांगितलं. मी रोज तिच्यावरून जायचे आणि मला पत्ता नव्हता.

नानांचं भांडार जुन्या दगडी इमारतीच्या मागं, चार पायऱ्या उतरून. खिडकी जमिनीच्या लगत, त्यामुळं आत बसलं की बाहेरची माणसं फक्त चपलांनी ओळखायची. आत लेव्हलची यंत्रं, तिपाया, लोखंडी साखळ्या, लाल-पांढरे बांबू. आणि भिंतीला लागून पत्र्याच्या लांब नळ्या, एकावर एक. आमच्या विभागाची रीत अशी की तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीनं कॉलेजच्या आवाराची मोजणी करून नकाशा काढायचा, आणि त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला नकाशा नळीत घालून नानांकडं द्यायचा. पहिल्या तुकडीपासून हे चालत आलेलं. म्हणजे कॉलेज कसं वाढलं हे कुणाला बघायचं असेल तर ग्रंथालयात जायची गरज नव्हती. नानांना चहा पाजायचा आणि नळ्या उघडायला लावायच्या.

पहिला नकाशा कापडावर चिकटवलेला होता. उघडा माळ, एक विहीर, लेण्यांकडं जाणारी पायवाट, आणि मधोमध तुटक रेषांचा एक चौकोन. नाना त्या चौकोनावर बोट ठेवायचे. "हे आपलं कॉलेज. तवा नुसतं टिंबा-टिंबाचं व्हतं."

नाना तेव्हा नव्हते. त्यांना हे सांगणारे त्यांचे उस्ताद, निजामाच्या जमीन-मोजणी खात्यातून इथं आलेले म्हातारे. साखळीला शेवटपर्यंत जरीब म्हणायचे आणि मोजणीला पैमाइश. "पोलीस ॲक्शन झाली तवा उस्ताद म्हणले, आता आपली पैमाइश संपली. पन झालं उलटंच," नाना सांगायचे. "आदी हितल्या पोराला इंजिनेर व्हायचं म्हणलं की हैदराबाद, न्हाईतर पुनं. ज्याला परवडंल त्यो जायचा. मंग हितंच कॉलेज काढायचं ठरलं, आन् काठी धरायला मानूस कोन? तर उस्ताद. राज गेलं, काठी ऱ्हायली."

त्याच्या पुढच्या नळ्यांत दगडी इमारत आली, वर्कशॉप आलं, नकाशात बारीक गोल काढून लिंबाची झाडं आली. एका नकाशात वर्कशॉपच्या कोपऱ्याला चिकटवल्यासारखी एक चिमुकली चौकट होती आणि आत इंग्रजी अक्षरांत 'लेडीज रूम'. मी विचारलं, एवढीशी? "दोनच पोरी व्हत्या गं तवा. आन् दोघी बी तिथं बसायच्या न्हाईत. माझ्या भांडारात बसून डबा खायच्या." मग इलेक्ट्रॉनिक्सची इमारत, मग कॉम्प्युटरची, मग आणखी दोन शाखा. एका नकाशात विहीर होती आणि पुढच्यात नव्हती.

"नाना, विहीर कुठं गेली?"

"बुजवली. तिच्यावर आता तुमचं झेरॉक्सचं दुकान हाय. त्याच्या मशिनीत कागद कामून अडकतो म्हाईत हाय का? खाली वल हाय."

ते खरं होतं की थट्टा, मला आजही सांगता येणार नाही. पण तो कागद अडकायचा.

इमारती वाढल्या, तसं काहीतरी कमीही होत गेलं आणि ते कुठल्या नकाशात आलं नाही. उस्तादांच्या वेळी काठी धरायला चौघं होते. नाना लागले तेव्हा तिघं. माझ्या वेळी नाना एकटे. शिकवणारे निम्मे तासिका तत्त्वावरचे, वर्षाला बदलणारे. वर्ग चौपट झाले आणि उन्हात उभी राहणारी माणसं एकावर आली. यावर मी दुसऱ्या वर्षात असताना पत्रक काढलं होतं. आमच्या विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं असायचं. नानांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

आता काठीबद्दल सांगते, कारण ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

जमिनीचा चढ-उतार मोजायचा तर एका ठिकाणी तिपाईवर दुर्बीण लावतात आणि दुसऱ्या ठिकाणी एक माणूस आकडे मारलेली उंच पट्टी सरळ उभी धरतो. नाना तिला काठी म्हणायचे. दुर्बिणीतून काठीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढं सरकायचं. सुरुवात नेहमी एका दगडापासून. जुन्या इमारतीच्या पहिल्या पायरीला लागून तो दगड आहे, वर छिन्नीची खूण. पहिल्या तुकडीनं मारलेली. त्याची उंची पक्की ठाऊक आहे, बाकी सगळ्या आवाराची उंची त्याच्यावरून काढत जायची आणि शेवटी फिरून त्याच दगडावर यायचं. निघताना जी उंची होती तीच परत आली पाहिजे. नाही आली तर फरक किती तो बघायचा. याला आम्ही क्लोजिंग म्हणायचो. फरक जास्त असला तर सगळं पुन्हा, पहिल्यापासून, उन्हात.

म्हणून कुणी पुन्हा करायचं नाही. आमच्याकडं दोन वह्या असायच्या. रफ बुक उन्हात लिहायचं, फेअर बुक कँटीनमध्ये. मधला एखादा आकडा हळूच कमी-जास्त केला की क्लोजिंग येतं. याला आम्ही कुकिंग म्हणायचो. वरच्या वर्गानं खालच्याला शिकवायचं, हसत हसत. सर तपासताना फक्त शेवटची ओळ बघत, हे सगळ्यांना माहीत होतं, सरांनासुद्धा. कारण सरही याच कॉलेजचे विद्यार्थी.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आवाराच्या मागच्या उतारावर नव्या शाखांसाठी काचेची मोठी इमारत उभी राहत होती. तिच्या छपराचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी ओढ्यात सोडायला एक नाली लागणार होती. मान्यता देणारी समिती तपासणीला येणार होती, आणि विभागप्रमुखांच्या मनात आलं की नाली विद्यार्थ्यांच्या मोजणीवरून बांधली असं समितीला दाखवावं. कल्पना वाईट नव्हती. उलट मला तिचा अभिमान वाटला. काम आमच्या गटाला मिळालं. आम्ही पाच जण. लेव्हलवर जालन्याचा एक, मदतीला परभणीची एक आणि आणखी दोघं. वही माझ्याकडं.

होळीच्या आसपासचं ऊन. दगडापासून निघालो, इमारतीला वळसा घालून भांडाराच्या मागून ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो. क्लोजिंग पस्तीस सेंटिमीटर. मिलिमीटर असते तर सोडून दिले असते. पस्तीस सेंटिमीटर म्हणजे कुठंतरी आकडा सरळसरळ चुकीचा वाचला होता.

जालनेकर तिथंच बसला. "परत? मी मेलो तरी नाही."

नाना काठी खांद्याला टेकवून उभे होते. म्हणाले, "पोरांनो, भांडाराच्या मागं काय तरी गडबड झाली बगा. तुमच्या वहीत पानी वढ्याकडं चाललंय म्हणता. म्या तिथं हुभा व्हतो. माझं पाय सांगत्यात, तिकडं चढ हाय. पुन्यांदा लावा. येतो म्या, मला काय ऊन नवं न्हाई."

"नानांच्या पायाला किती डेसिमल असतात?" जालनेकर म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. नानाही थोडे हसले.

आणि मी म्हटलं, "नाना, तुम्ही काठी धरा. आकड्यांचं आमचं आम्ही बघतो."

"बरं, बाई." नानांनी तिपाई मिटली, खांद्यावर घेतली आणि गेले. एरवी ते मला पोरी म्हणायचे.

कँटीनमध्ये चहा येईपर्यंत काम झालं. ओढ्याच्या अलीकडच्या एका ठिकाणचा आकडा मी पस्तीस सेंटिमीटरनं हलवला. परभणीवाली म्हणाली, "अगं, अगदी शून्य नको आणू. डोळ्यात भरेल." मी म्हटलं, भरू दे. फेअर बुकात क्लोजिंग शून्य आलं. सरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'उत्तम'. चूक मुळात भांडाराच्या मागं झाली होती आणि तिची भरपाई मी ओढ्याजवळ केली. मधल्या सगळ्या जमिनीची उंची त्यामुळं खोटी झाली. कागदावर नाली ओढ्याकडं उतरत होती. जमिनीवर ती भांडाराकडं उतरत होती.

नालीचं काम सुरू असताना मी एकदा बघायला गेले. मुकादम डोक्याला रुमाल बांधून खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता.

"मॅडम, ये ढाल उल्टा दिखरा मेरेकू."

"आमच्या आकड्यांवरून काढलेलं शीट बघितलं का?"

"शीट बराबर है. जमीन कू पूछे क्या किसीने?"

मी त्याला क्लोजिंगचं सांगितलं. शून्य आलंय म्हटलं. त्यानं मान हलवली, "आप लोग पढ़े-लिखे," आणि मजुरांना हाक मारली.

जून-जुलैत पाऊस बेताचा होता, काही झालं नाही. गौरी जेवल्या त्या दिवसापासून मात्र झड लागली. दोन दिवसांनी सकाळी कॉलेजात आले तर भांडाराच्या चारही पायऱ्या पाण्याखाली. काचेच्या इमारतीचं सगळं पाणी नालीतून उलटं येऊन खिडकीतून आत पडत होतं. नाना कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून नळ्या डोक्यावरून बाहेर देत होते. यंत्रं त्यांनी आधी काढली होती, कारण यंत्रांची जबाबदारी लिखित होती. नकाशांची कुणी लिहून घेतली नव्हती.

आम्ही व्हरांड्यात दोऱ्या बांधून नकाशे वाळत घातले. बहुतेकांची शाई गेलीच होती. पहिल्या नकाशाचा कागद कापडावरून लगद्यासारखा सुटून माझ्या हातात आला. खाली पांढरं स्वच्छ कापड राहिलं. नाना ते कापड बराच वेळ दोन्ही हातांनी ताणून धरून बसले होते. सुकलं की परत काही दिसेल असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही. मला संताप आला होता आणि संताप आला की मी लिहायला बसायचे.

दुपारीच पत्रक लिहिलं. 'कॉलेजचा इतिहास कुणी बुडवला?' कंत्राटदारावर, प्रशासनावर, टक्केवारीवर. चांगलं उतरलं होतं. खाली उताराचे आकडे टाकले की कुणाला तोंड उघडता येणार नाही, म्हणून फेअर बुक काढलं आणि आकडे उतरवायला लागले. तिसऱ्या ओळीत मीच हलवलेला आकडा होता.

तेव्हाच कळलं. पुढं कुणी विचारलं की तुला कधी कळलं, तर त्याला हे उत्तर. पत्रक अजून छापायला गेलं नव्हतं. मी आकड्यांचा परिच्छेद काढून टाकला, बाकी तसंच ठेवलं आणि गुलमंडीवरच्या छापखान्यात देऊन आले. रफ बुक फाडून टाकलं.

पत्रक गाजलं. गाजलं म्हणूनच चौकशी नेमावी लागली. पत्रक काढलं नसतं तर ओल्या नकाशांवर एक बैठक झाली असती आणि विषय संपला असता. चौकशी म्हटली की दोषी लागतो. कंत्राटदारानं सांगितलं, मी शीटप्रमाणं बांधलं. शीट आमचं. मग तो मंगळवार आला. विभागप्रमुख, चौकशी समितीचे दोन प्राध्यापक, लिहायला कारकून आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी. गटातले बाकीचे चौघं बाहेर व्हरांड्यात.

विभागप्रमुखांनी फेअर बुक उघडून माझ्यासमोर ठेवलं. "बुक तुझ्या हातचं. यात काही चूक आहे?"

"नाही सर."

दोन शब्द. मी पत्रकांत पानंच्या पानं लिहिलेली मुलगी.

"मग आकडे बरोबर आणि नाली उलटी, असं कसं?" ते नानांकडं वळले. "नाना, तेव्हा पायऱ्यांजवळ रॅम्पचं काम चालू होतं. तिथं दगडच दगड पडलेले. काठी खुणेच्या दगडावर ठेवली होती का दुसऱ्याच?"

नाना म्हणाले, "साहेब, त्यो दगुड म्या डोळं मिटून वळखतो."

"म्हणून तर. डोळे मिटूनच ठेवली असेल."

समितीतले एक सर हसले. नानांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून आता काही येईल म्हणून माणूस बघतो, तसं बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते.

कारकुनानं लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे'.

आता नीट वाचा. तुम्ही इंजिनिअर नसाल तरी हे कळेल. जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची उंची तुम्ही एका चुकीच्या फरशीपासून मोजलीत, तर काय होईल? सगळ्या पायऱ्या वहीत सारख्याच वर किंवा सारख्याच खाली जातील. वरची पायरी खाली आणि खालची वर होणार नाही. सुरुवातीचा दगड चुकला तर सगळं आवार कागदावर वर-खाली सरकतं, उतार उलटा होत नाही. नानांनी काठी चुकीच्या दगडावर ठेवली असती तरी नाली ओढ्याकडंच गेली असती. हे दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. विभागप्रमुखांना हे माहीत होतं. दोन्ही प्राध्यापकांना माहीत होतं. मला माहीत होतं. खोलीत ज्याला हे माहीत नव्हतं असा एक कारकून होता, आणि लिहायला तोच बसवला होता.

ते वाक्य नानांच्या सेवापुस्तकात गेलं. भांडाराची किल्ली काढून घेतली. परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवायला बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले. आमच्या विभागात निवृत्त होणाऱ्या माणसाला मधल्या खुर्चीवर बसवून शाल-नारळ द्यायची, त्याच्याबद्दल चार शब्द बोलायची पद्धत आहे. नाना आता आपल्या विभागाचे नाहीत असं ठरलं. परीक्षा विभाग म्हणाला, ते मूळचे आमचे नाहीत.

कॉलेज वाढतच राहिलं. काचेच्या इमारतीला आणखी दोन मजले आले. भांडार बुजवून वर लादी टाकली, तिथं आता बीन बॅगा ठेवलेली खोली आहे, दारावर 'इनोव्हेशन' लिहिलंय. मोजणीला ड्रोन आहे. तिसऱ्या वर्षाचा नकाशा संगणकावर निघतो, नळीत काही जात नाही.

गेल्या वर्षी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी आम्ही पत्रकं वाटत होतो. मी कॉलेजच्या फाटकाशी उभी होते. जुन्या दगडाजवळ दुसऱ्या वर्षाची दोन पोरं लेव्हल लावून बसली होती. लेव्हल अजून शिकवतात, अभ्यासक्रमात आहे म्हणून.

"क्लोज होईना रे."

"नाना एरर असेल. टाक कुक करून."

मी जवळ गेले. विचारलं, नाना एरर म्हणजे काय?

"काठीवाला झोपला ना, की जे होतं ते," तो पोरगा म्हणाला. चांगला, हसरा पोरगा. "जुना शब्द आहे, मॅडम. आधीपासून म्हणतात."

त्या रविवारी मी निघाले. अजिंठ्याच्या पुढं फाट्यावर गाडी बदलून सोयगावच्या बाजूला नानांचं गाव. नाना ओट्यावर कपाशीच्या बोंडांतून सरकी काढत बसले होते. मला ओळखलं. म्हणाले, "ये बाई. चहा घे."

मी सगळं सांगितलं. शून्य, कँटीन, फाडलेलं रफ बुक. ते ऐकत होते, हात चालू होता. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हाईत व्हतं की. त्याच दिवशी म्हाईत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या पाची जनांचं वरीस गेलं असतं." मग पुढचं बोंड हातात घेत, "आन् माझं कोन ऐकलं असतं? बुक तुझं, तू म्हणलीस न्हाई. तुझं ऐकलं असतं."

आतून त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. नाना म्हणाले, "तू पत्रकं लई झ्याक लिवायचीस. म्या समदी वाचली हायेत. म्हणलं, एक आपल्यावर बी लिवंल. परीक्षा विभागात दुपारी टपाल यायचं, तवा बगायचो."

त्यांची नात त्याच कॉलेजात आहे. स्थापत्यलाच, दुसऱ्या वर्षाला. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात, नाना ते फक्त कॉलेजात. दिवाळीला ती घरी आली होती. जेवताना तिनं विचारलं, "अप्पा, तुमच्या वेळी कुणी नाना होते का हो? काठी धरून झोपायचे म्हणे?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगायचं? म्हणलं, आसंल कुनी." बोंडं ठेवलेली पाटी त्यांनी जरा पुढं सरकवली. "समदी पोरं हसत्यात म्हणली. म्हणलं, तू? तर म्हणली, म्या बी हसले. हसावंच लागतं की तिला बी." मग म्हणाले, "तिला कुनी तरी सांगंलच एक दिस. कागदावर हायेच ते."

मला त्यांनी माफ केलं का? मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारायचा अधिकारही मला नव्हता. चहा प्याले आणि परत आले.

मी विभागाला लेखी जबाब दिला. काय केलं, कसं केलं, कुठला आकडा किती हलवला, सगळं. सेवापुस्तकातली नोंद रद्द करावी, आणि ते विभागात जाहीर वाचून दाखवावं, एवढीच मागणी. उत्तर आलं. एका माजी विद्यार्थिनीच्या इतक्या उशिराच्या कथनावरून नोंद बदलता येत नाही, गटातल्या इतरांचा दुजोरा नाही, आणि शेवटचं वाक्य असं: 'विभागात फेअर बुकमधील नोंदींत फेरफार करण्याची कोणतीही प्रथा अस्तित्वात नाही व नव्हती.'

गटातल्या चौघांना मी कळवलं. जालनेकर दुबईत आहे, म्हणाला कशाला उकरतेस. परभणीवाली त्याच विभागात शिकवते. सर्व्हेच शिकवते. तिनं माझा निरोप वाचला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. बाकीचे दोघं म्हणाले, आठवत नाही.

प्रथा नव्हती म्हणे. तर मग तुम्हाला विचारते. तुम्ही या कॉलेजातून शिकून बाहेर पडला असाल, कुठल्याही तुकडीतून, आणि कँटीनमध्ये बसून कधी एक आकडा हलवला असेल, तर कागद घ्या. तुमचं नाव लिहा, तुकडी लिहा, कुठलं फेअर बुक शिजवलंत ते लिहा, खाली सही करा आणि स्थापत्य विभागप्रमुखांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. माझ्या गटातल्या चौघांनी आधी पाठवा. मला सहानुभूती पाठवू नका, मोबाईलवर हात जोडलेली चित्रं पाठवू नका. सही पाठवा. नानांची नात जूनमध्ये तिसऱ्या वर्षात जाते. तुमचं पत्र त्याआधी पोचलं पाहिजे.